हात मोकळा सोडायचाय? मग पेंटिंगच्या वर्कशॉपला असं जा

आपल्याकडे असे खूप जण आहेत ज्यांनी शाळेत ड्रॉइंगची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिली, ग्रेड मस्त आली, मग कोणाच्या बाबांचं फोटोवरून पोर्ट्रेट कर, शाळेच्या भिंतीवर नकाशा काढ, गणपतीत मागचा पडदा रंगव असं करता करता पंधरा-वीस वर्षं निघून गेली, आणि एक दिवस आपलंच चित्र समोर धरलं की कळतं, हुबेहूब तर आलंय पण त्यात वारा म्हणून नाही. प्रत्येक पान मोजून काढलेलं, प्रत्येक कडा रेखलेली, आणि चित्र आतल्या आत गुदमरलेलं. माझं तसंच झालं होतं. मी वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला लहान गावात राहते, घरी शेती आहे, दुपारी पोरांचे ड्रॉइंगचे क्लास घेते, आणि मला सैल, मनातून येणारं, मोकळं रंगवायला शिकायचं होतं. त्यासाठी दोन वर्कशॉप केली, पहिलं फसलं, दुसऱ्यानं हात सोडवला. दोन्हीतून जे कळलं ते सविस्तर लिहिते, वॉटरकलर धरून लिहिते कारण मी तेच करते, पण ॲक्रिलिकवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी फोन करा, चार गोष्टी विचारा

पहिल्या वर्कशॉपला मी फक्त जाहिरातीतलं चित्र बघून पैसे भरले होते. तिथं काय झालं, सरांनी समोर सूर्यास्त रंगवला आणि आम्ही तीस-पस्तीस जणांनी एक एक स्टेप बघत तोच सूर्यास्त काढला, संध्याकाळी हॉलमध्ये तीस-पस्तीस सारखे सूर्यास्त वाळत पडले होते. दिसायला छान होते सगळे, पण शिकलं कोणीच काही नाही, कारण कुठं काय सोडायचं हे सरांनी ठरवलेलं, आपण फक्त हात चालवला. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा की डेमो झाल्यावर तोच विषय कॉपी करायचा की आपला विषय आपण घ्यायचा. दुसरा, बॅच किती जणांची आहे. पंधराच्या वर असेल तर सर तुमच्या टेबलाजवळ येऊन तुमचा हात बघणार कधी? तिसरा, दिवसाला साधारण किती कागद होतात. "एक सुंदर फायनल पेंटिंग घरी घेऊन जाल" असं उत्तर आलं तर ते वर्कशॉप हुबेहूबवाल्यांसाठी आहे असं समजा, आणि "आठ-दहा लहान कागद होतील, बरेचसे बिघडतील" असं कोणी म्हटलं तर डोळे झाकून जा. चौथा प्रश्न मी आता आवर्जून विचारते, सर आपल्या कागदावर स्वतः ब्रश लावून दुरुस्त करतात का. ज्याच्या कागदावर सरांनी ब्रश लावला त्याचं चित्र चांगलं होतं, पण ते आपलं राहत नाही, आणि पुढच्या वेळी आपण तिथंच अडकतो. बाजूला वेगळ्या कागदावर दाखवणारे सर शोधा.

आणि हो, शेवटची एसटी किती वाजता आहे हे आधी बघा, ही गोष्ट लहान वाटते पण माझं पहिल्या वेळचं अर्धं लक्ष घड्याळाकडेच होतं. सैल रंगवायला जायचं आणि मनात साडेपाचच्या गाडीची धाकधूक, जमणार कसं. शक्य असेल तर तिथंच मुक्काम करा नाहीतर नातेवाइकांकडे उतरा. नागपूर-वर्धा-अमरावतीत कोणाची ना कोणाची मावशी-आत्या असतेच.

सीझनचं सांगते. मे महिन्यात वॉटरकलरचं आउटडोअर वर्कशॉप आपल्याकडे करू नका, पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा ओला थर, कागदावर पसरायच्या आत वाळतो, शिकवणारा कितीही मोठा असला तरी पाणीच थांबलं नाही तर तो काय शिकवणार. श्रावणात उलटं, कागद वाळता वाळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. फक्त तेव्हा घरी कापूस वेचाई चालू असते, त्यामुळं घरच्यांशी महिनाभर आधी बोलून ठेवा, मी वेचाईच्या दोन खेपांच्या मधले तीन दिवस धरले होते. फेब्रुवारीच्या शेवटाला जमलं तर अजून मजा, पळस फुललेला असतो, आणि पळस हा सैल हाताचा गुरूच आहे, त्याचं फूल न फूल काढत बसलात की मेलाच तो.

सामान

कागदावर कंजूसी करू नका, पण महागाच्या कागदाला घाबरूनही बसू नका, हे दोन्ही सांभाळायचं म्हणजे काय करायचं ते ऐका. तालुक्याच्या स्टेशनरीत मिळतो तो साधा ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की पापडासारखा फुगतो, त्यावर ओल्यावर ओलं रंगवायला शिकता येत नाही, मग आपल्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खरखरीत, कागद घ्या, आणि निदान अर्धे कागद शंभर टक्के कॉटनचे असू द्या. कॉटनचा कागद पाणी आत धरून ठेवतो, बराच वेळ ओला राहतो, रंग उचलला, घासला तरी भुसा निघत नाही, लाकडाच्या लगद्याचा कागद वरवरच वाळून जातो. आपण आयुष्यभर पऱ्हाटीत वाकून वाकून कापूस वेचला आणि त्याचा कागद होतो हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं, तेव्हापासून त्या कागदाला हात लावताना वेगळंच वाटतं. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ सुरू केला तेव्हापासून तिथं हातकागदाचंही काम झालं, म्हणजे ही गोष्ट आपल्या मातीतलीच आहे. मात्र कुठलाही हातकागद उचलून वॉटरकलरला वापरू नका, ज्याला नीट सायझिंग, म्हणजे पाणी अडवणारी खळ, नसतं तो टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. कोपऱ्यावर एक थेंब पाणी टाकून बघा, थेंब वर उभा राहिला तर घ्या, लगेच आत गेला तर सोडा.

पूर्ण शीट 22 बाय 30 इंचाची येते, तिचे चार तुकडे केले की 11 बाय 15 इंचाचे कागद होतात, वर्कशॉपला हा साइज पुरे. तीन दिवसांना सहा-सात शीट, म्हणजे पंचवीस-एक तुकडे. जास्त वाटतात ना? मी मोजून आठ नेले होते पहिल्यांदा, आणि आठच आहेत म्हणून प्रत्येकावर जपून जपून रंगवलं, तिथंच हात आखडला. कागदाचा गठ्ठा जाड दिसला की हात आपोआप सुटतो. कागद घरूनच कापून न्या आणि दोन हार्डबोर्डच्या मध्ये दोरीनं बांधा, एसटीत सुरनळी केलेला कागद दबला की मोडतोच.

ब्रश तीन बास. एक मोठा मॉप, म्हणजे भरपूर पाणी धरणारा मऊ जाड ब्रश, किंवा 12 नंबरच्या वरचा गोल, एक इंची चपटा, आणि एक बारीक लांब केसांचा रिगर जो तुम्ही तिसऱ्या दिवशीपर्यंत पिशवीतच ठेवायचा. घरी दाराला रंग द्यायचा दोन इंची ब्रश धुऊन न्या, खरंच न्या, पाणी पसरायला त्याच्यासारखं काही नाही. रंग ट्यूबचे, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, क्रिमझन, लेमन यलो, एवढ्यात सगळं होतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की इतका सुंदर राखाडी येतो की काळ्या ट्यूबची गरजच पडत नाही, आणि त्याच राखाडीत निळं जास्त केलं की पावसाचं आभाळ, सिएना जास्त केलं की नांगरलेलं वावर. पॅलेटवर रंग भरपूर काढा, चण्याएवढा नाही, लिंबाएवढा. वाळलेल्या टिकल्या घासत बसलात तर सैल रंगवणं विसरा. गेरू आणि पिवळी माती घरात असेल तर बारीक वाटून फडक्यातून गाळून डिंकाच्या पाण्यात घोटून बघा एकदा, सिएना आणि ऑकर म्हणजे तरी काय, लोहाची मातीच आहे ती. टिकाऊपणाची खात्री मी देत नाही पण सरावाला झकास.

बाकी पाण्याच्या दोन बरण्या, जुन्या सुती साडीचं फडकं, स्प्रे बाटली, 2बी पेन्सिल. खोडरबर घरी ठेवा.

जायच्या आधीचा आठवडा

रोज संध्याकाळी दहा मिनिटं एवढंच करा, एखादी वस्तू समोर ठेवा, तवा, बंडीचं चाक, झोपलेला कुत्रा काहीही, आणि कागदाकडे अजिबात न बघता फक्त त्या वस्तूच्या कडेवरून डोळा फिरवत पेन्सिल चालवा. चित्र वेडंवाकडंच येईल, यायलाच पाहिजे. यातून डोळा आणि हात एकाच वेगानं चालायला लागतात, बाकी काही नाही. दुसरं, लग्नपत्रिकांचा ढीग प्रत्येकाच्या घरी असतो, त्यांच्या कोऱ्या बाजूवर काडेपेटीएवढ्या चौकटी करा आणि समोरचं दृश्य फक्त तीन रंगछटांत भरा, पांढरं, राखाडी, काळं. डोळे अर्धवट मिटून बघितलं की बारीकसारीक सगळं गायब होतं आणि हे तीनच उरतात. झाडाला हजार पानं असतात हे आपल्याला माहीत असतं म्हणून आपण हजार काढतो, डोळे बारीक केले की कळतं की दिसतो तो एक गडद गोळा आणि त्याला चार-पाच उजेडाची भोकं.

इथं एक गोष्ट मनापासून सांगते. ग्रेड परीक्षेच्या सवयीनं आपला हात बांधला गेला असं बरेच जण म्हणतात, रंग रेषेबाहेर जाऊ नये, डाग दिसू नये वगैरे, आणि ते खोटं नाही. पण त्याच परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असायचा, आठवतो? समोर काहीच नाही, बाजार, पाणवठा, पोळा असा विषय, आणि जे मनात राहिलंय तेच उतरवायचं. पोळ्याचं चित्र काढताना आपण बैलाची एक एक फासळी नव्हतो काढत, रंगवलेली शिंगं, पाठीवरची झूल, मागं गर्दी, बास. मनानं नको ते आधीच गाळून टाकलेलं असायचं. सैल चित्र म्हणजे तेच स्मरणचित्र, फक्त विषय समोर बसलेला असताना काढलेलं. म्हणून मी आता बाहेर बसले की आधी पाच मिनिटं नुसती बघते, मग पाठ फिरवते, आणि पहिला वॉश पाठ फिरवूनच मारते.

पहिला दिवस: उभं राहा

खुर्चीवर बसू नका. दुसऱ्या वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांच्या खुर्च्या भिंतीला लावायला सांगितल्या, मला राग आला होता, कंबर दुखते माझी. पण उभं राहून, ब्रशचा पार शेवट पकडून, मनगट न हलवता रंगवलं तेव्हा काय ते समजलं. आपण लिहितो तसं रंगवतो, बोटांनी. बोटांनी अक्षर येतं, आभाळ येत नाही.

सर माझ्यामागं येऊन थांबले आणि म्हणाले, "ताई, घरी सारवण करता का?" मी म्हटलं, करते की. "मग तसाच हात चालवा ना." आणि माझ्या डोळ्यापुढं एकदम आमच्या सासूबाई आल्या. लग्न होऊन आले तेव्हा मला सारवण नीट येत नव्हतं, मी बोटांनी शेणकाला चोपडत बसायची, सगळीकडे बोटांचे ओरखडे. त्या बाजूला बसून म्हणायच्या, "काहून वं एवढी कोरत बसली, हात मोकळा सोड, थो पुढं जाते आपोआप." त्या उकिडव्या बसायच्या, डावा हात गुडघ्यावर, उजव्या पंजानं खांद्यापासून अर्धा गोल, त्याला थोडा चढवून दुसरा अर्धा गोल, आणि मागं सरकत जायचं. झालेल्या जागेवर परत हात नाही म्हणजे नाही. अर्धवट सुकलेल्यावर हात फिरवला की पापुद्रा निघतो आणि तिथं खड्डा पडतो. ओला वॉश तस्साच असतो! एकदा मारला, पुढं सरकायचं, मागं वळून डाग बघायचे नाहीत. ज्यांनी सारवण केलंय, सडा टाकलाय, सुपानं धान्य उफणलंय त्यांच्या खांद्यात हे सगळं आधीपासून आहे, फक्त ब्रश हातात आला की आपण ते विसरतो.

त्या दिवशीचे व्यायाम साधे असतात पण मन लावून करा. एक मिनिटात एक चित्र, मग तीन मिनिटांत तेच, मग दहा मिनिटांत. डाव्या हातानं एक. मोजून तीस फटक्यांत एक, शेजाऱ्याला मोजायला सांगा, तिसावा झाला की ब्रश खाली. या तीस फटक्यांच्या खेळानं मला सगळ्यात जास्त शिकवलं, कारण बाविसाव्या फटक्याला कळतं की आता फक्त आठ उरलेत, आणि मग माणूस कौलं मोजत नाही, छपराची सावली एका फटक्यात टाकतो.

पाण्याची वेळ

सैल दिसणारं चित्र खरं तर पाण्याच्या अंदाजावर उभं असतं, आणि हा अंदाज वाचून येत नाही, पण मी माझ्यापुरती एक युक्ती केली ती सांगते. रंग किती घट्ट हे मी वरणावरून ठरवते. सगळ्यात पातळ म्हणजे वरच्यावरचं वरणाचं पाणी, मग साधं वरण, मग पिठलं, मग झुणका. आभाळाला वरणाचं पाणी, लांबच्या टेकड्यांना वरण, जवळच्या झाडाला पिठलं, आणि शेवटच्या दोन-चार गडद ठिपक्यांना झुणका. नियम एकच, कागद जितका ओला त्याच्यापेक्षा ब्रशवरचा रंग घट्ट पाहिजे. ओलसर कागदावर वरणाचं पाणी घेऊन गेलात की ते आधीच्या रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग फुटतो. तो डाग मुद्दाम हवा असेल तर छानच, ढग होतो त्याचा, झाड होतं, पण नकळत झाला की चेहऱ्याच्या मधोमध येतो.

कागद किती ओला ते बोटानं बघू नका, वाकून उजेडाच्या दिशेनं आडवं बघा. आरशासारखं चमकत असेल तर थांबा, रंग कुठंही पळेल. चमक जाऊन नुसती ओलसर झाक राहिली, रेशमी कापडावर असते तशी, की तीच वेळ, टाकलेला रंग पसरतो पण आपली जागा सोडत नाही. चमक पूर्ण गेली पण पालथा हात लावला तर गार लागतं, तेव्हा हात बांधून बसा, यावेळी केलेली प्रत्येक गोष्ट बिघडते. आपल्या कोरड्या हवेत ती मधली वेळ दोन-तीन मिनिटंसुद्धा टिकत नाही, म्हणून कागद दोन्ही बाजूंनी ओला करून सनमायकाच्या तुकड्यावर किंवा टाइलवर चिकटवा, खाली ओलं फडकं ठेवलं तरी चालतं, आणि बरणीतल्या पाण्यात चार थेंब ग्लिसरीन टाका, पण चारच, जास्त झालं की कागद चिकट राहतो. आणि वाळल्यावर रंग फिकाच पडतो, त्यामुळं ओलं असताना "अगं बाई, फार गडद झालं" असं वाटलं तरच ते बरोबर झालंय.

विषयाशिवाय रंगवायचा तास

दुसऱ्या दिवशी दुपारी असा एक तास बहुतेक ठिकाणी असतो, विषय न घेता नुसते रंग टाकायचे आणि त्यातून काय दिसतं ते वाट बघून पुढं न्यायचं. आपल्यासारख्यांना हा तास सगळ्यात जड जातो. माझ्या शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "मले त काहीच दिसून नाही रायलं यात." तेव्हा काय करायचं, एक मोठा डाग टाका, कागद तिरपा करा, वाहू द्या, मग ब्रश ठेवून द्या आणि पाणी प्यायला जा. परत आल्यावर कागद उलटा करून बघा. चारही बाजूंनी फिरवा. कुठंतरी मन ओढलं जातं, त्या जागेला हात लावायचा नाही, बाकीचं शांत करायचं. ठिपक्यांची रांगोळी आणि मुक्त रांगोळी यात जो फरक आहे तोच इथं आहे, ठिपक्यांना पुढचा ठिपका ठरलेला असतो, मुक्त रांगोळीत आधीची रेघच सांगते पुढं कुठं वळायचं.

या तासाला कोणी "हे काय पोरखेळ" म्हणालं तर त्यांना सांगा की मोठे चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या नागपुरात जन्मले, 1924 साली, आणि ते रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर देत, उचलत, पुन्हा देत, ओळखू येईल अशी वस्तू नसलेली चित्रं करायचे, वर्षाला मोजकीच, कारण त्यांचा बराचसा वेळ वाट बघण्यात जायचा. आणि दुसरे मोठे चित्रकार एस. एच. रझा शिकले ते नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये, 1939 ते 43, पुढं मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. लहानपणी त्यांचं लक्ष लागायचं नाही म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडं बघत बस म्हणून सांगितलं होतं, तो ठिपका पुढं त्यांच्या चित्रांत बिंदू होऊन आला. नुसतं बघत बसणं हासुद्धा कामाचाच भाग आहे, हे मला फार धीर देतं.

बाहेरचा दिवस

तिसऱ्या दिवशी आम्हाला पवनारला नेलं, धाम नदीवर. नदीतले काळे खडक, मध्ये पाण्याचे पट्टे, पलीकडच्या काठावर झाडी. तुमच्या वर्कशॉपला सेवाग्राम असू शकतं, रामटेक, चिखलदरा, भंडाऱ्याकडचा एखादा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव. कुठंही गेलात तरी पोचल्या पोचल्या मोठं दृश्य घेऊ नका. आधी चालत फिरा, सावली कुठं येणार ते बघून बसा, आश्रमासारख्या ठिकाणी विचारून बसा. सेवाग्रामच्या बापू कुटीसारखी मातीची भिंत मिळाली तर अजिबात सोडू नका, मातीच्या भिंतीला सरळ रेघ नसतेच, त्यामुळं पट्टी आठवायचा प्रश्नच येत नाही.

मी खडक घेतले. पहिला कागद गेला, खडकाची प्रत्येक भेग काढली होती. दुसरा पण गेला. तिसऱ्याला मी पाणी रंगवलंच नाही, कागद कोरा सोडला, फक्त खडकांचे गडद आकार सिएना-अल्ट्रामरीनचं पिठलं करून चपट्या ब्रशनं आडवे ओढले, ओले असतानाच खालच्या कडेवर पाण्याचा हलका ब्रश फिरवला आणि रंग स्वतःच खाली उतरला, प्रतिबिंबासारखा. सात-आठ मिनिटांचं काम. जवळून बघितलं तर नुसते डाग. तेवढ्यात काठावर खेळणारी तीन-चार पोरं मागं येऊन उभी राहिली, त्यातला एक जवळ येऊन म्हणाला, "ताई, हे काय होय?" मी काही बोलले नाही, बोर्ड उचलून दगडाला टेकवला आणि त्याला दहा पावलं मागं जायला सांगितलं. गेला, वळून बघितलं आणि ओरडला, "अबे, हे त नदी होय!" माझ्या एवढ्या वर्षांच्या पोर्ट्रेटना कोणी असं ओरडून ओळखलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक चित्र दहा पावलांवरून बघते. तुम्हीही बघा, आणि नाकाजवळ धरून चुका शोधू नका.

कधी थांबायचं याचा एकच उपाय मला सापडलाय, "अजून एक शेवटचा टच" हे शब्द मनात आले की ब्रश बरणीत टाकून उठून जायचं. परत आल्यावर तो टच आठवला तर द्या. बहुतेक वेळा आठवतच नाही.

शेवटी सगळ्यांचे कागद जमिनीवर मांडतात आणि बोलायला सांगतात. लाजू नका, बिघडलेले पण मांडा, सरांना बिघडलेल्यातूनच तुमचा हात कळतो. माझे बाद झालेले दोन खडक मांडले म्हणून तर ते म्हणाले की तुमची अडचण ब्रशची नाही, तुम्ही रंगवायला लवकर सुरू करता, बघणं कमी पडतं.

घरी आल्यावर

पहिले पंधरा दिवस कोणाला दाखवू नका. घरचे प्रेमानंच म्हणतील पण "कच्चं दिसते", "आधीचंच बरं होतं" असं म्हणणारच, आणि तेवढ्यानं हात परत आखडतो. रोज वीस मिनिटं, एक कागद, वेळ संपली की बंद. मी सकाळचा स्वयंपाक झाल्यावर पोरांचा डबा भरायच्या आधी करते, कधी कधी खिडकीतून दिसणारा गोठाच परत परत, तोच गोठा चाळीसएक वेळा झाला असेल. पोर्ट्रेटच्या ऑर्डरी सोडू नका, लोकांना हुबेहूब पाहिजे असतं आणि त्यात वाईट काही नाही, घर पण चालवायचं असतं. आणि स्केचिंग तर अजिबात सोडू नका, उलट वाढवा. सैल चित्रात एकच फटका असतो म्हणून तो बरोबर जागीच पडावा लागतो, बाजारात बसून माणसं, बैल, भाजीचे ढीग काढल्याशिवाय ते येत नाही. ज्यांनी ड्रॉइंग सोडून नुसते रंग उडवायला घेतले त्यांची चित्रं दोन महिन्यांत एकसारखी झालेली मी बघितली आहेत.

बिघडलेले कागद फेकू नका. कॉटनचा कागद मागच्या बाजूनंही तितकाच चालतो, आणि दोन्ही बाजू झाल्या की त्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापून ठेवा, रंग घट्ट झाला की पातळ हे आधी त्या पट्टीवर लावून बघायला कामी येतात. आणि पुढच्या वर्कशॉपला जाताना गठ्ठ्यात चार-पाच कागद जास्तीचे टाका, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेजारच्या कोणाचे तरी संपलेले असतातच.